विसावी प्रत

मित्रांनो, मी एक जुना छपाईचा प्रेस आहे. जुना म्हणजे मोडीत काढलेला नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो. मला बघून लोकांचा तसा समज फार चटकन होतो. दोन पोलादी रोलर, त्यांच्यामधून सरकणारी एक जाड पाटी आणि बाजूला एक मोठं चाक, एवढाच माझा संसार. एका मुलीने मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा "इथे उसाचा रस मिळतो का?" असं विचारलं होतं. तिला मी अजून माफ केलेलं नाही.

चित्रकलेच्या एका शाळेत मी तीस वर्षं राबलो. तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरायचं, रेघांत शाई भरायची, वर ओला कागद ठेवायचा आणि चाक फिरवायचं. बाकीचं काम माझं. मुलं कागद उचलून बघायची आणि आनंदाने ओरडायची, तेव्हा मलाही मूठभर मांस चढायचं. पुढे नवी यंत्रं आली आणि माझी रवानगी अडगळीच्या खोलीत झाली. माझ्या पाटीवर मोडक्या खुर्च्या रचल्या गेल्या. मी फार रडलो असतो, पण गंजायला तेवढंच निमित्त झालं असतं.

तिथून मला पाच चित्रकारांनी सोडवलं. सायकलच्या दुकानावरची एक लांबट खोली त्यांनी मिळून घेतली होती. त्यांच्यात मालक कोणी नाही. पाच जण, पाच किल्ल्या, झाडू मारायची पाळी प्रत्येकाची. त्यामुळे भांडायलाही पाचही जण मोकळे. त्यांच्यातल्या सर्वांत मोठ्या, त्या ताई. त्यांनी तीन दिवस बसून माझा गंज खरवडला.

गेल्या वर्षी या पाच जणांनी एक बेत केला. दर महिन्याला त्यांच्यापैकी एकाने, कधी चित्र न काढलेल्या एका पाहुण्यासोबत एक चित्र करायचं. त्याच्या वीसच प्रती छापायच्या. विसावी निघाली की ताई लोखंडी सुईने पत्र्यावर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत रेघ ओढणार, म्हणजे एकविसावी कुणाला काढताच येऊ नये. एकोणीस प्रती आधी मागणी नोंदवलेल्यांना, आणि शेवटची पाहुण्याला.

घड्याळ दुरुस्त करणारे आजोबा आले, इस्पितळातल्या एक नर्स आल्या. बेकरीवाल्या काकूंनी शाईचं बोट चुकून तोंडात घातलं आणि दोन दिवस काळ्या जिभेने पाव विकले. वर्ष कसं भुर्रकन गेलं, कळलं नाही.

डिसेंबरात समोरच्या दुकानातले टेलर मास्तर आले. गुडघे मशीनचं पायडल मारू देईनात, म्हणून ते चाळीस वर्षांचं दुकान बंद करत होते. ताईंनी आणि त्यांनी मिळून मास्तरांचं कापड बेतायचं टेबल पत्र्यावर चितारलं. टेप, खडू, अर्धी बाही, सगळं जिथल्या तिथे.

"कात्रीचा कोन चुकलाय, ताई," मास्तर म्हणायचे. "हिने कापड नाही, बोट कापलं जाईल."

चित्र पुरं व्हायच्या आत खरं टेबल विकलं गेलं. आता मास्तरांसाठी ते टेबल फक्त विसाव्या प्रतीत उरणार होतं.

छपाईच्या दिवशी आधी एक कच्चा ठसा निघाला. शाई कमी पडून त्यात अर्धी कात्री उमटलीच नव्हती. तोही दोरीवर वाळत पडला. मग चांगल्या एकोणीस निघाल्या. ताईंनी दोरीवरचे कागद मोजले, "झाले वीस," म्हणाल्या आणि पत्र्यावर सर्रकन रेघ ओढली. मित्रांनो, मी मोजलं होतं! प्रत्येक कागद माझ्याच अंगावरून जातो. मी आतून ओरडत होतो, पण प्रेसचं ऐकतंय कोण?

शनिवारी एकोणीस जण आपापली प्रत घेऊन गेले आणि दोरीवर उरला तो कच्चा ठसा. ताईंचा चेहरा पांढराफटक पडला.

"यावरच विसावी म्हणून लिहू," गटातला दाढीवाला हळूच म्हणाला. "मास्तरांना काय कळतंय?"

"मला कळेल ना," ताई म्हणाल्या.

तेवढ्यात मास्तर आलेच. इस्त्रीचा शर्ट आणि बगलेत मापाने बनवून घेतलेली फ्रेम. ताईंनी आडपडदा न ठेवता सगळं सांगून टाकलं. "चूक माझी आहे, मास्तर."

मास्तर स्टुलावर बसले. मग फ्रेमकडे बघून म्हणाले, "म्हणजे ही रिकामीच न्यायची."

थोड्या वेळाने त्यांनी पत्रा मागितला आणि रेघेवरून अंगठा फिरवला. "चीर आहे ही. चिरेला आम्ही लोक घाबरत नाही. छापा."

"पण रेघ मारली की छापायचं नाही, असा नियम आहे," ताई म्हणाल्या.

"केला कुणी?"

"आम्हीच."

"मग तुम्हीच ठरवा."

पाचही जणांनी एकमेकांकडे पाहिलं. पहिल्यांदाच कोणी भांडलं नाही. चाक मास्तरांनी स्वतः फिरवलं आणि मी जीव ओतून दाबलं. चित्र उमटलं, आणि टेबलावरून आरपार गेलेली ती काळी रेघही.

कागद वाळल्यावर मास्तर पुन्हा आले. कॉलरखाली खोचलेली सुई काढली, लाल दोरा ओवला आणि रेघेवरून बारीक टाके घालत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. "आता ठीक," दोरा तोडत ते म्हणाले. ताई सगळ्यांदेखत रडल्या आणि मग पेन्सिलीने खाली लिहिलं, 'वीसपैकी विसावी'.

ही बातमी पसरायला कितीसा वेळ लागणार! एकोणीसपैकी सहा-सात जण आपापली प्रत घेऊन मास्तरांकडे आले. आमच्याही प्रतीवर टाके घाला म्हणून मागे लागले. मास्तरांनी सगळ्यांना एकच उत्तर दिलं, "तुमचं कुठे फाटलंय?"

नव्या वर्षात आमच्या खोलीची सहावी किल्ली मास्तरांच्या खिशात आहे. मित्रांनो, तुमच्या ओळखीचं एखादं जुनं यंत्र असेल तर त्याला पुसा, तेल द्या, पण मुख्य म्हणजे त्याला काम द्या. आणि हातून चूक झाली तर ताईंसारखी सांगून टाका. सांगितलेली चूक शिवायला कुणीतरी सुई घेऊन येतं. लपवलेली चूक कुठे आहे, हे त्या बिचाऱ्याला कळणार कसं?