पहिला घास

कापडाच्या दुकानावरच्या हॉलमध्ये शंभर-सव्वाशे माणसं श्वास रोखून माझ्या वडिलांच्या जबड्याकडे बघत होती. घासबाबांनी पावाच्या तुकड्यावर फुंकर मारली आणि तो अण्णांच्या तोंडात ठेवला.

"चाव. कळ येईल. येऊ दे. आत बसलंय ते चिडलंय."

अण्णांनी चावलं आणि कानाखाली हात दाबून ते खुर्चीतच वाकले. हॉलभर कुजबुज झाली.

"दुसरा घे. कमी झाली ना? तिसरा. आता चौथा. आता सांग सगळ्यांना."

अण्णांनी हातानेच खूण केली : गेली. टाळ्या पडल्या. आत्या डोळे पुसू लागली.

मग पेला आला. "डॉक्टरांनी पातळ पाणी बंद केलंय म्हणे. मान वर कर, घटाघटा पी."

मी चपलांच्या ढिगापाशी अडकले होते. "नका देऊ" म्हणाले, ते कुणाला ऐकूच गेलं नाही. अण्णांनी पेला रिकामा केला.

"ठसका लागला? नाही ना? माझ्यासमोर पाणीसुद्धा वाट चुकत नाही."

पुन्हा टाळ्या. ठसका लागला नाही हे पाहून मलाही क्षणभर हायसं वाटलं. ते हायसं वाटणं अजून माझी पाठ सोडत नाही.

अण्णा घड्याळं दुरुस्त करायचे. त्यांच्या मानेत खोलवर, मोठ्या रक्तवाहिनीला खेटून गाठ सापडली. तपासणी झाल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गाठ साधी आहे." म्हणजे कर्करोगाची नाही. आम्ही ऐकलं ते फक्त 'साधी'. पुढे त्या बराच वेळ बोलत होत्या : गाठ नसांना चिकटली आहे, काढताना नसा दुखावतील, आवाज बसेल, गिळताना पाणी श्वासनलिकेत जाऊ शकेल, पापणी उतरेल, प्रत्येक जेवणाच्या पहिल्या घासाला जबड्यात कळ येईल आणि पुढच्या घासांना ती आपोआप ओसरेल. आम्ही माना डोलावत होतो. मनात पेढे वाटून झाले होते.

गाठ निघाली. सांगितलं होतं ते सगळं ऑपरेशननंतर झालं; पाणी घट्ट केल्याशिवाय द्यायचं नाही, असंही डॉक्टरीणबाईंनी बजावलं.

"साध्या गाठीने कधी माणसाचा आवाज जातो का?" आत्या म्हणाली. "माझ्या दादावर कुणीतरी काहीतरी केलंय." आणि तिने घासबाबांच्या हॉलमध्ये अण्णांचं नाव लावलं.

हॉलमधून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी अण्णांच्या घड्याळांच्या दुकानात बिस्किटांचा पुडा नेला. "अण्णा, आज फुंकर नाही. नुसतं बिस्किट."

अण्णांनी सेकंदकाट्याचं घड्याळ समोर ठेवलं. फार बोलवत नव्हतं, म्हणून एकेका घासाची कळ ते दुरुस्तीच्या चिठ्ठीवर लिहीत गेले. चौथ्या घासाला त्यांनी पेन्सिल ठेवली आणि चिठ्ठी आत्याकडे सरकवली.

"कालच्या फुंकरीचा गुण असेल तो," आत्या म्हणाली.

"आत्या, आधीही असंच व्हायचं. तूच म्हणायचीस ना, पहिल्या घासाला कळवळतो, मग निमूट जेवतो?"

"म्हणायचे तर. रांगेत नावं लिहून घेणाऱ्या त्या बाईलाही तेच सांगितलं. पाण्याचंही..." आत्याने चिठ्ठी पुन्हा उचलली.

अण्णा हसले. कुजबुजत म्हणाले, "बाबाचं घड्याळ बरोबर चालतं. चावी तू दिलीस."

आम्ही तिघं हसलो. घासाचं कोडं सुटलं, या आनंदात मी होते. पाण्याचं कोडं तिसऱ्या दिवशी तापाने सोडवलं.

"ठसका लागायला घशाला कळावं लागतं," डॉक्टरीणबाई फुप्फुसाचा फोटो उजेडाला धरून म्हणाल्या. "यांच्या घशाची त्या बाजूची जाणीवच गेली होती. पाणी श्वासनलिकेत गेलं तरी घसा ओरडला नाही."

"त्या एका पेल्यानेच झालं?"

"छातीठोकपणे नाही सांगता येणार. पण तो द्यायला नको होता."

नऊ दिवस मी नळ्या आणि आकडे बघत बसले. पुस्तकं वाचून जमवलेलं सगळं शहाणपण तिथे कुचकामी होतं. दहाव्या दिवशी अण्णा गेले. घासबाबा म्हणाले, "उशिरा आणलंत." हॉल अजून भरतो.

म्हणून अण्णांची चिठ्ठी मी दुकानाच्या काचेला लावली आहे. अक्षर थोडं कापरं आहे, पण वाचता येतं :

'पहिला घास – जोरात, बारा सेकंद. दुसरा – निम्मी. तिसरा – जराशी. चौथा – नाही. फुंकर – नाही.'

येणारे-जाणारे थांबून वाचतात. परवा एक बाई म्हणाली, "पण त्यांची कळ गेलेली आम्ही डोळ्यांनी पाहिली."

तिला जे सांगितलं तेच इथे लिहिते. कळ गेली, हे खरंच आहे. ती बाबाशिवाय जाते का, एवढं घरी पाहा. त्याला एक बिस्किट आणि एक घड्याळ पुरतं. डॉक्टरांनी जे बंद केलं ते कुणाच्या टाळ्यांसाठी सुरू करू नका. आणि डॉक्टर 'साधी' म्हणाले, तर जागेवरून उठण्याआधी विचारा : साधी म्हणजे काय, आणि पुढे काय काय होईल?

आम्हाला ते न विचारताच सांगितलं होतं. आम्ही ऐकलं नाही.