शेवटच्या तळ्याची मेजवानी

आमच्याकडे लग्नाला पंचवीस वर्षं झाली की शेजारी आदल्या संध्याकाळी दारावर पाइनच्या डहाळ्यांची कमान बांधतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाजा घेऊन खिडकीखाली गायला येतात. गाणं सुरू होईपर्यंत नवरा-बायकोनं अंथरुणातून उठायचं नाही. कमानीसाठी शिडी मीच काढून दिली होती, तरी सकाळी मला आश्चर्य वाटायला हवं होतं. माझा नवरा एस्बेन शेजारी डोळे मिटून पडला होता. एरवी त्या वेळी मी तळ्यांवर असते.

"पाणी किती तापलंय बघून येते," मी म्हटलं.

"आज नको. शेजारच्या दाग्नीनं तुला तळ्यावर पाहिलं तर वर्षभर ऐकवेल. आणि खायला घालायचंच नाहीये तर बघायचं काय? पड गप."

मी पडून राहिले.

आमची तळी ओढ्याच्या पाण्यावर चालतात. पाणी वरच्या तळ्यात शिरतं, एकातून दुसऱ्यात उतरत जातं आणि शेवटी माझ्या तळ्यात येतं. तोवर त्यातला प्राणवायू वरच्या माशांनी बराचसा वापरलेला असतो, म्हणून पाण्यात हवा मिसळणारं एरेटरचं चाक वर फक्त उकाड्यात लागतं, माझ्या तळ्यात ते अखंड फिरत असतं. वरच्या तळ्यांमधले ट्राउट एस्बेनचे. त्यांना मासळीची भुकटी आणि मासळीचं तेल घातलेलं खाद्य मिळतं, म्हणजे समुद्रातले लहान मासे मारून इथले मोठे करायचे. शेवटच्या तळ्यातल्या माझ्या माशांना वाटाणा, गहू आणि मोहरीच्या पेंडीच्या गोळ्या. ट्राउट हा शिकारी मासा. बहुतेकांना ते खाद्य आवडत नाही. तोंडात घेतात आणि थुंकतात. पण शंभरातले चार-पाच खातात आणि वाढतात. लग्नाआधी मी संशोधन केंद्रात माशांच्या आहारावर काम करत होते. आठ वर्षांपूर्वी एस्बेननं मला हे तळं दिलं, तेव्हा मी त्या चार-पाचांपासून सुरुवात केली. जे खातात त्यांचीच अंडी घ्यायची, पिल्लांमधून पुन्हा जे खातात तेवढेच ठेवायचे. तळ्यात आता तिसरी पिढी होती, आणि गोळ्या पाण्यात पडल्या की पाणी उकळल्यासारखं दिसायचं. येत्या हिवाळ्यात त्यांची अंडी केंद्रात जायची होती. गेल्या वर्षी मी जोडीला आणखी एक तळं मागितलं होतं, एखादी आपत्ती आली तर बियाणं दोन ठिकाणी असावं म्हणून. एस्बेन म्हणाला होता, "एका तळ्याचं उत्पन्न मी आधीच तुझ्या छंदाला वाहिलंय."

त्या ऑगस्टमध्ये आठवडाभर ऊन होतं. कोमट पाण्यात प्राणवायू कमी मावतो, आणि खाल्लेलं पचवायला माशाला तो जास्त लागतो. म्हणून उकाड्यात आम्ही माशांना उपाशी ठेवतो. आठ-दहा दिवसांच्या उपासानं ट्राउटचं काही बिघडत नाही. हे ओढ्याकाठी सगळ्यांना माहीत आहे. माझा दीर विगो मात्र गावात मासे धुरी देऊन विकतो. त्याचा आणि माशाचा संबंध मासा मेल्यावर सुरू होतो.

सात वाजता ट्रंपेट वाजलं. आम्ही दार उघडलं, आश्चर्य वाटून घेतलं. पाव, चीज, कॉफी आणि प्रत्येकाला कडू दारूचा एक घोट. विगो सगळ्यांत शेवटी आला, धुरी दिलेल्या माशांचं तबक घेऊन.

"उशीर का रे?" एस्बेननं विचारलं.

"तुझ्यासारखं लोळत पडायला मला कुठली बायको," विगो म्हणाला. त्याची बायको दोन वर्षांपूर्वी सोडून गेली होती. सगळे हसले, तोही.

दुपारच्या जेवणाचा तंबू शेवटच्या तळ्याशेजारी होता, कारण तेवढीच जमीन सपाट आहे. आमच्याकडे अशा दिवशी पाहुणे गाणं लिहून आणतात, छापून वाटतात आणि उत्सवमूर्तींची सगळी बिंगं चालीत बाहेर काढतात. दाग्नी आमची शेजारीण, शाळेतली निवृत्त मास्तरीण. गाणं तिनंच लिहिलं होतं.

टोराच्या तळ्यात मासा वाटाणे खातो,
नवरा बिचारा चोरून सॉसेज आणतो.

"चोरून नाही, उघड आणतो," एस्बेन ओरडला.

"चोरूनच. मी पाहिलंय कचऱ्याच्या डब्यात," मी म्हटलं, आणि लोकांना ते आवडलं. मला त्या क्षणी खरोखर बरं वाटत होतं. बिअर थंडगार होती. बाहेर वारा अजिबात नव्हता.

मग विगो भाषणाला उभा राहिला. तो बरं बोलतो. भावाच्या लहानपणच्या दोन गोष्टी सांगून झाल्यावर तो माझ्याकडे वळला. "आमच्या प्रोफेसरबाईंना मी पंचवीस वर्षं ओळखतो, पण त्यांच्या लेकरांची मला कायम कीव येते. जन्माचे शाकाहारी, आणि वर आठवडाभर उपास. म्हटलं, आज या घरात कुणी उपाशी राहता कामा नये. म्हणून सकाळी हे दोघं लोळत होते तेव्हा मी वरच्या कोठीतनं खरं खाद्य काढलं, मासळीचं, आणि शेवटच्या तळ्यात टाकलं. काय उड्या मारल्या म्हणून सांगू. बादली संपली तरी तोंडं वर."

"किती टाकलंस?" मी बसल्या जागेवरून विचारलं.

"मेजवानीला मोजून कोण वाढतं?"

हशा झाला. मी उठायला लागले, तेवढ्यात कुणीतरी चमच्यानं ग्लास वाजवायला सुरुवात केली आणि मग सगळ्यांनीच. ग्लास वाजले की जोडप्यानं खुर्चीवर चढून मुका घ्यायचा असतो. एस्बेननं माझं मनगट धरलं.

"एस्बेन, त्यानं खायला घातलंय."

"ऐकलं मी. चढ, लोक बघतायत."

"सोड."

"एक मिनिट गं, टोरा. एका मिनिटानं काय होतंय?"

मी हात सोडवून घेतला आणि बाहेर गेले. मागे ग्लास वाजतच होते, कुणीतरी म्हणालं, "लाजली."

मासे सगळे वर आले होते. पाणी आत येतं तिथं एकावर एक रचल्यासारखे, तोंडं हवेत, कल्ले ताणलेले. मागच्या बाजूचे कलले होते, पांढरी पोटं वर. आणि चाक उभं होतं. पात्यांवरचं शेवाळ वाळून गेलं होतं, म्हणजे ते आत्ता थांबलेलं नव्हतं. वायर धरून मी गेले. ती तंबूच्या कडेला खांबावरच्या सॉकेटकडे जात होती. एरेटरची पिन गवतात पडली होती. तिच्या जागी बिअर थंड करायच्या यंत्राची पिन होती.

ती उपटून मी दुसरी खोचली. चाक फिरायला लागलं.

"अरे, बिअर बंद झाली," तंबूतून आवाज आला. "एस्बेन, तुझ्या बायकोनं दुकान बंद केलं."

त्यानंतर सगळे बाहेर आले. लोक वाईट नव्हते. सुटाबुटात जाळी घेऊन उतरले, दाग्नीनं चपला काढून बादल्या वाहिल्या. पण गुदमरून कलंडलेला ट्राउट पाणी ढवळल्यानं परत येत नाही. मेलेले काठावर रचत गेलो. मी एकाचं पोट चिरलं. जठर गोळ्यांनी ताठ भरलं होतं, तपकिरी, तेलकट, अजून आकार न मोडलेल्या.

"मला काय माहीत?" विगो म्हणाला. "कुणी सांगितलं मला? खायला घातलं, विष नाही घातलं."

"पिन कुणी काढली?" मी विचारलं.

एस्बेन काठावर उभा होता, बूट चिखलात. "मी काढली. पहाटे, तू झोपली होतीस तेव्हा. मासे रिकाम्या पोटी होते, टोरा. रिकाम्या पोटी चाकाशिवाय एक दिवस निघाला असता. तुलाही माहितीये ते."

मला माहीत होतं. बहुधा निघाला असता.

"म्हणजे खापर माझ्यावर," विगो म्हणाला.

"तुझ्यावर नाही तर कुणावर? तळं माझं असेल, बादली तुझी होती."

"तळं तुझं?" मी म्हटलं.

एस्बेन खालच्या आवाजात म्हणाला, "वरच्या तळ्याचं चाक बंद केलं असतं तर विक्रीचे मासे गेले असते. बिअरचं यंत्र आणि सगळी चाकं एकदम लावली तर फ्यूज उडतो, कुठलं तरी एक बंद करावं लागणार होतं."

दाग्नी जवळ येऊन म्हणाली, "कॉफी निवतेय. पंचवीस माणसं उभी आहेत, टोरा. दोन घोट तरी घे त्यांच्याबरोबर." मी जाऊन घेतले. केक कापला. तो चांगला झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी एस्बेन अंथरुणात नव्हता. तो मला बोलवायला आला तेव्हा गुडघ्यापर्यंत भिजलेला होता, आणि आनंदात.

"चल. वाचलेत काही. चाळीसेक तरी. मी त्यांना सगळ्यात वरच्या तळ्यात हलवलं, एकदम ताजं पाणी. माझे मासे खाली लोटले. ते तळं तुझं आता."

वरच्या तळ्यात ते मासे तळाशी शांत होते. पाणी रात्रीत निवलं होतं. एस्बेननं माझ्याच खाद्याची बादली आणून ठेवली होती. मी बघावं म्हणून थांबला होता. मी त्याला, आज नको, असंही म्हटलं नाही. त्यानं मूठभर गोळ्या टाकल्या.

पाणी हललं नाही. एक मासा सावकाश वर आला, गोळी तोंडात घेतली, थुंकली आणि परत खाली गेला. दुसऱ्यानं तेच केलं. बाकीच्यांनी तेवढेही कष्ट घेतले नाहीत.

"घाबरलेत," एस्बेन म्हणाला. "दोन दिवस दे त्यांना. मग यांच्यापासूनच पुन्हा सुरू कर. चाळीस म्हणजे कमी नाहीत, तू पहिल्यांदा याहून कमीवर सुरू केलं होतंस."

मी जाळीनं एक उचलला आणि पोटावरून अंगठा फिरवला. मऊ, सपाट. दुसरा, तिसरा, तसेच. कालच्या मेजवानीतलं यांच्या पोटात काही गेलेलं नव्हतं.

"हे का वाचले, कळलं का तुला?" मी विचारलं.

"दणकट असतील."

"हे गोळ्याच खात नाहीत, पाण्यातल्या किड्यांवर जगतात. कालची मासळीची गोळीही खाल्ली नाही, म्हणून वाचले. प्रत्येक पिढीत असे थोडे निघतात. शरद ऋतूत मी यांना वेगळं काढून टाकणार होते. जे खाणारे होते, ते सगळे काल खाऊन मेले."

समजायला त्याला वेळ लागला नाही. तो मूर्ख नाही, मासे त्यालाही कळतात. "एकसुद्धा नाही?"

"एकसुद्धा नाही."

"मग मी दुसरं घेऊन देतो. सांग कुठून. पिल्लं घे, अंडी घे, आठ वर्षं काय, आपण अजून..." आम्ही दोघं पंचावन्नच्या पुढे आहोत.

"विगोला फोन कर," मी म्हटलं. "पोट रिकामंच आहे, आजच न्यायला सांग. धुरीला चांगले लागतील."

"सगळे?"

"सगळे."

"टोरा, हे तुझे मासे आहेत."

"नाहीत," मी म्हटलं, आणि हातातला मासा एस्बेनच्या मासे वाहायच्या बादलीत सोडला.