हिशेबाबाहेरचा उंदीर

तिने कापसाचा आणखी एक बोळा उंदराच्या कानावर दाबून धरला. ओळखीसाठीची जुनी खूण पुसट झाली म्हणून तिने चिमट्याने कानाला पुन्हा जराशी खाच पाडली होती. प्रयोगशाळेतलं रोजचंच काम. पण हा उंदीर रक्त पातळ करणाऱ्या औषधावर होता, हे सवयीच्या हाताला आठवलंच नाही. औषध आणि किरणं मिळून त्याच्या मांडीवरची शेंगदाण्याएवढी गाठ तिळाएवढी झाली होती. रक्त काही थांबेना, आणि थोड्या वेळाने तो तिच्या तळहातावर गार पडला.

"गाठीने नाही ना गेला?" साहेबांनी दारातूनच विचारलं. "मग हिशेबातून काढून टाका. इतके छान आकडे आलेत, त्यांना उगाच गालबोट नको."

तिला साहेबांची चीड आली, आणि मान डोलावली म्हणून स्वतःचीही. पण आकडे चांगले यावेत असं तिच्याइतकं कुणालाच वाटत नव्हतं. बाबांच्या पोटात गाठ होती, आणि त्यांनाही किरणं देणं चालू होतं. जेवायला बसलं की ते विचारायचे, "काय म्हणतात माझे सवंगडी?" मग ती रक्त पातळ करणाऱ्या त्या औषधाने उंदरांच्या गाठी कशा विरघळतायत ते रंगवून सांगायची. त्या नादात बाबांच्या पोटात दोन घास जास्त जायचे.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा बाबा आरशापुढे स्टुलावर बसले होते. हनुवटीला लावलेला टॉवेल लालभडक झाला होता.

"बघ गं, दाढी करताना जरासं कापलं, तर थांबायचं नावच घेत नाही," आई म्हणाली.

तिची नजर फळीवरच्या डबीकडे गेली. त्यात आईच्या हृदयाच्या गोळ्या असत, रक्त पातळ ठेवण्याच्या. डबी रिकामी होती.

"बाबा, तुम्ही घेतल्यात?"

चोरी पकडली गेल्यासारखे ते हसले. "डॉक्टर काही देईनात. तुझ्या उंदरांना तर चांगल्या मानवल्यात. एक तरी दगावला का, सांग बरं."

तिने टॉवेल बाजूला केला आणि कापसाचा बोळा हनुवटीवर दाबून धरला. तो लगेच भिजला.

"आई, गाडी बोलाव. आत्ताच्या आत्ता."

"अगं, मी काय विचारलं?"

"एक गेला, बाबा," ती म्हणाली. "आम्ही त्याला हिशेबात धरलं नाही."