महिपतरावांचा ईमेलचा पत्ता

"पण तुम्हाला पत्र पाठवणार कोण?" हौसाबाईंनी लाटणं थांबवून विचारलं.

महिपतरावांच्या हातात विद्यापीठाने दिलेली चिठ्ठी होती. तिच्यावर त्यांचा ईमेलचा पत्ता होता. साहेबांनी बढतीचं गाजर दाखवलं म्हणून सेहेचाळिसाव्या वर्षी त्यांनी संध्याकाळच्या कॉम्प्युटर डिप्लोम्याला नाव घातलं होतं. बावीस वर्षं ते ठाण्यातल्या एका कचेरीत आवक-जावक सांभाळत होते. रोज ढिगाने पत्रांवर शिक्का मारायचे, त्यांतलं एकही त्यांच्या नावाचं नसायचं. आता स्वतःचा पत्ता मिळाल्यावर त्यांना मनापासून वाटत होतं, निदान एक तरी पत्र यावं.

"येईल की," ते म्हणाले.

"आपल्या गोतावळ्यात धड फोन नाय कोणाकडे, आणि ईमेल पाठवणार!"

बोलणं खोटं नव्हतं. आठवडाभर ते नौपाड्यातल्या कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर चपला काढून आत बसायचे, ईमेलची पेटी उघडायचे आणि रिकामी बघून मिटायचे. शेवटी शेजारी बसणाऱ्या विशीतल्या शकूला राहवलं नाही.

"काका, आधी तुम्ही कोणाला तरी पाठवा ना! मलाच पाठवा."

महिपतरावांनी कागदावर रीतसर मसुदा केला आणि इंग्रजी अक्षरांतलं मराठी एका बोटाने बडवत तो उतरवला. विषय : खुशाली विचारणेबाबत. 'उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, मी बावीस वर्षे दुसऱ्यांची पत्रे नोंदवीत आहे. मला स्वतःला कोणी लिहीत नाही. तरी सवडीने दोन ओळी लिहाव्यात, ही विनंती.' आता कचेरीतलं पत्र 'प्रत माहितीसाठी' लिहिल्याशिवाय कधी बाहेर पडतं का? हाताच्या सवयीने त्यांनी प्रतीच्या रकान्यात अख्ख्या वर्गाचा पत्ता घातला. सरांसकट.

दुसऱ्या दिवशी दारातच हशा पिकला.

"काका, सगळ्यांना गेलं ते!" शकू म्हणाली.

महिपतरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते तसेच चपलांकडे वळले.

"अहो, चाललात कुठे? पेटी तर बघा!"

पेटीत एकोणीस पत्रं होती. एकाने बाप अजून मारतो म्हणून गाऱ्हाणं घातलं होतं. दिवा स्टेशनहून येणाऱ्या एका मुलाने मंगळवारपासून नळ कोरडा असल्याने आंघोळ झाली नाही, तरी जरा लांब बसावं, असं कळवलं होतं. सरांनी लिहिलं होतं, 'पत्र पोचले. मसुदा उत्तम.'

महिपतरावांनी सगळी छापून घेतली आणि घरी जाऊन हौसाबाईंना मोठ्याने वाचून दाखवली. बाई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. मग पदराने तोंड पुसत म्हणाल्या, "बरंय बाई तुमचं. मी लग्न होऊन आले तेव्हापासून माझ्या नावानं लाइटबिलपण नाय आलं."

आणि भात बघायला उठल्या.

महिपतराव वरमले. इतकी वर्षं आपलंच रडगाणं गात बसलो, हिचं कधी मनातही आलं नाही, याची त्यांना लाज वाटली. सकाळी त्यांनी पोस्टातून आंतरदेशीय पत्र घेतलं, जेवणाच्या सुट्टीत लिहिलं आणि ठाण्याहून डोंबिवलीला, घरच्या पत्त्यावर धाडलं.

शनिवारी पोस्टमन दारात ओरडला, "हौसाबाई महिपत केणी!"

महिपतरावांनी पेपर तोंडासमोर धरला. हौसाबाईंनी ओले हात पुसले, पत्र घेतलं आणि उंबऱ्यातच उभ्या राहून दोनदा वाचलं. हसल्या मात्र नाहीत. मग पेपरच्या पलीकडून त्यांचा आवाज आला.

"उत्तर कुठं पाठवू? घरी, का कचेरीत?"

"कचेरीत," महिपतराव म्हणाले. "एकदा माझ्या नावाच्या पत्रावर शिक्का मारीन म्हणतो."