मोतद्दाराचं काय झालं?

टेलिफोन खात्यातून रिटायर होऊन सहा महिने झाले होते आणि मंजुळा खरातांचा घरात पाय ठरत नव्हता. कोपरच्या फ्लॅटमधली कपाटं त्या दिवसातून दोनदा आवरायच्या, आवरलेली पुन्हा उपसायच्या. शेवटी मेघनाने, त्यांच्या सुनेने, स्टेशनजवळच्या वाचनालयात त्यांचं नाव घातलं.

"आई, पुस्तकं आणा आणि एका जागी बसून वाचा. तुमच्याकडे बघूनच मला दमायला होतं."

मंजुळाबाईंनी सुरुवात केली ती मुलांच्या कपाटापासून. लहानपणी शाळेच्या पुस्तकापलीकडे काही हाताला लागलंच नव्हतं. राहिलेलं आधी वाचू, असं त्यांनी ठरवलं. ग्रंथपाल हेमाताईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "नातू कितवीत आहे?"

"नातू नाही. मीच वाचते."

पुस्तक परत करताना टेबलाशी उभं राहून मत दिल्याशिवाय त्या हलायच्या नाहीत. "तीन राजपुत्र असले की धाकटाच का जिंकतो हो? थोरला आधी निघतो, वाट त्यालाच शोधायला लागते. धाकट्याला सगळं आयतं." दुसऱ्या दिवशी, "चेटकिणीचा गुन्हा काय ते मला कळलं नाही. रानात एकटी राहते, स्वतःचं स्वतः रांधून खाते. लोकच तिच्या दारात जाऊन कटकट करतात." आणि एकदा, "राजकन्येला कोणी विचारतच नाही. अर्धं राज्य दिलं, वर ही पण दिली." बोलणारे प्राणी मात्र त्यांना मनापासून आवडायचे. माणसांपेक्षा नीट बोलतात, असं त्यांचं म्हणणं.

हेमाताईंना हसू यायचं, पण त्या लक्ष देऊन ऐकायच्या. एक दिवस त्यांनी एक जाडजूड कादंबरी पुढे केली. पाच भाग, इंग्रजीवरून मराठीत आणलेली. सात गडांचं राज्य, त्यात राजाच्या पागेत वाढणारा एक मुलगा, आणि त्याला सांभाळणारा म्हातारा मोतद्दार. घोड्यांना खरारा करणं, चारापाणी बघणं हे त्याचं काम.

पहिले तीन भाग मंजुळाबाईंनी नऊ दिवसांत संपवले. मोतद्दार मुलाला शिकवतो, घोड्याच्या पोटाला कान लाव, दुखतंय का ते कळेल. घामेजलेल्या घोड्याला लगेच पाणी दाखवू नको. हे वाचताना त्या मान डोलवत होत्या. त्यांचे वडील, आबा, कल्याण स्टेशनबाहेर तीस वर्षं टांगा हाकत होते. लिहिणाऱ्याने घोडा जवळून पाहिलाय, एवढं त्यांना कळलं.

चौथ्या भागात मुलाच्या खांद्यावर खूण सापडली. तो मोतद्दाराने उचलून आणलेला, मूळचा राजाचाच मुलगा निघाला.

मंजुळाबाईंनी पुस्तक मिटलं, चप्पल घातली आणि सोसायटीला पाच फेऱ्या मारल्या. चीड आली होती. तीन भाग हा पोरगा पागेतला म्हणून शहाणा होता, आता म्हणे रक्तातच होतं! खात्याच्या परीक्षेत त्या पहिल्या आल्या होत्या, तेव्हा सुपरवायझर बाईंनी कौतुकानेच विचारलं होतं, "तुमच्या घरात आधी कोणी शिकलेलं होतं का गं? नाही, म्हणजे हे आलं कुठून?" ते त्यांना आत्ता, पस्तीस वर्षांनी, जसंच्या तसं ऐकू आलं.

पाचवा भाग त्यांनी फक्त मोतद्दारासाठी घेतला. मुलगा गादीवर बसला, लढाई जिंकला, लग्न झालं. मोतद्दार कुठेच नाही. दोनशे बाराव्या पानावर एक ओळ सापडली. 'म्हातारा मोतद्दार मागच्या हिवाळ्यातच वारल्याचे राजाला समजले.' पुढच्या ओळीत मेजवानी सुरू.

तीन दिवस त्यांना काही सुचेना. भाजी करपली. मुलगा, सुमित, काहीतरी विचारायचा आणि उत्तराची वाट बघत बसायचा. बरोबर त्याच शनिवारी वाचनालयात वाचक कट्टा होता आणि विषय हीच कादंबरी. बोलणार होता केदार, सॉफ्टवेअरमधला तिशीचा मुलगा, पाचही भाग सहा वेळा वाचलेला. चांगला बोलला. सात गडांचे नकाशे, लेखकाने रचलेली भाषा, सगळं समजावून सांगितलं. प्रश्नांची वेळ आली तशा मंजुळाबाई उभ्या राहिल्या.

"मोतद्दाराचं काय झालं?"

"काकू, तो पाचव्यात वारतो ना."

"ते वाचलं. पण कशाने वारला? जवळ कोण होतं? याला कळवलं कोणी, आणि कळवलं तर हा गेला का नाही?"

मागून कोणीतरी म्हणालं, "अहो, फँटसी आहे ती. एवढं काय मनाला लावून घेता!" दोघंतिघं हसली. केदार मात्र हसला नाही. त्याने जरा विचार केला.

"खरं सांगू का, काकू? मला वाटतं लेखकाची अडचण झाली असणार. म्हातारा जिवंत ठेवला तर राजाला त्याला राजवाड्यात आणायला लागतं. नाही आणलं तर राजा वाईट दिसतो. आणला, तर सगळ्यांना दिसतं हा कुठून आला ते. म्हणून आधीच संपवला."

"म्हणजे राजाच्या सोयीसाठी?"

"हो. सोयीसाठीच."

मंजुळाबाई खाली बसल्या. चहा आला तो त्यांनी घेतला नाही. हेमाताईंनी दारात गाठून विचारलं, "बरं वाटत नाहीये का?" त्या म्हणाल्या, "मी आजपर्यंत त्या लेखकावर चिडत होते."

आबा गेले त्या जानेवारीत मंजुळाबाई ठाण्याला होत्या. टेंभी नाक्याजवळ भाड्याची खोली, नवी नोकरी, नव्या मैत्रिणी. ठाण्याहून विठ्ठलवाडी किती लांब? तरी तीन महिने त्या घरी गेल्या नव्हत्या. निरोप आला तेव्हा गेल्या, मातीला हजर होत्या, आठवड्याने परत ड्यूटीवर. त्या हिवाळ्यात आबांचं काय झालं, हे त्यांनी भावाला कधीच विचारलं नव्हतं. भावानेही सांगितलं नव्हतं. चौदा एप्रिलला आणि लग्नाकार्यात भेट व्हायची, तेवढीच.

रविवारी सकाळी त्या विठ्ठलवाडीला गेल्या. धोंडिबा आता सदुसष्ट वर्षांचा, दारात खुर्ची टाकून पेपर वाचत होता.

"मंजू? आज काय? कोणाचं काय झालं?"

"कोणाचं काही नाही. दादा, आबा कसे गेले?"

धोंडिबाने पेपर खाली ठेवला. "पस्तीस वर्षांनी विचारतेस?"

"हो."

त्याने आतून त्यांच्यासाठी एक खुर्ची आणली. मग म्हणाला, "दिवाळीत घोडा विकला. रिक्षांपुढे धंदा राहिलाच नव्हता. तरी रोज सकाळी सहाला उठून स्टँडवर जाऊन बसायचे. टांगा नाही, घोडा नाही. नुसते बसायचे. बाकीचे टांगेवाले चहा द्यायचे. दहाला मी जाऊन घेऊन यायचो. थंडीत छाती भरली."

"मला कळवायचं होतंस, दादा."

"तीनदा कळवलं! तू म्हणालीस, ड्यूटी आहे, पुढच्या आठवड्यात बघते. आठवत नाही?"

मंजुळाबाईंना आठवत होतं. पदर हातात घट्ट धरून त्यांनी उरलेलंही बोलून टाकलं. "मी ऑफिसात सांगायचे, वडील ट्रान्सपोर्टमध्ये आहेत. टांगा म्हणायची लाज वाटायची."

"माहितीये. आबांनाही माहीत होतं. आपल्या गल्लीतली शकू तुमच्या ऑफिसात होती ना, तिने येऊन सांगितलेलं."

"काय म्हणाले?"

"हसले. म्हणाले, खरंच आहे की, ट्रान्सपोर्टच." धोंडिबाचा आवाज एकदम चढला. "ते हसले, मंजू. मी नाही हसलो. मी आजपण हसत नाही."

आतून शेवंतीवहिनी बाहेर आल्या, दोघांकडे बघितलं आणि काही न विचारता तांदूळ जास्तीचे धुवायला घेतले. मंजुळाबाई जायला निघाल्यासारख्या उभ्या राहिल्या, पण दाराकडे गेल्या नाहीत. पायरीवर बसल्या.

"मला सगळं सांग, दादा. दिवाळीपासून."

"वेळ लागेल."

त्यांनी मेघनाला फोन करून जेवायला थांबू नका म्हणून सांगितलं. धोंडिबा दुपारभर सांगत राहिला. घोडा नेला त्या दिवशी आबा जेवले नाहीत ते, दवाखान्यात त्यांनी डॉक्टरांशी भांडण काढलं ते, शेवटच्या दिवशी पेज मागितली आणि दोन चमचे घेतली ते. मधेच तो एकदा चिडला, उठून आत गेला, पाणी पिऊन परत आला. मंजुळाबाई प्रश्न विचारत होत्या. कुठलं औषध? कोण बसलं होतं उशाशी?

चार वाजता त्या निघाल्या. धोंडिबा कोपऱ्यापर्यंत आला. माफ केलं वगैरे तो काही म्हणाला नाही, आणि त्यांनीही मागितलं नाही.

"घोडा कोणाला विकला होता?" त्यांनी विचारलं.

"उल्हासनगरचा एक होता, वरातीला घोडे द्यायचा. नाव आता आठवत नाही." त्याने घराकडे वळून बघितलं. "शेवंतीला आठवेल. विचारून ठेवतो."