तलावातला काळा दगड

कामठ्याच्या पलीकडच्या एका गावात तलाव खोल करताना काळा, पापुद्रे सुटणारा दगड निघाला आणि कोळशाची बोलणी सुरू झाली. नागपूरहून वीरेंद्र नावाचा माणूस आला. त्याच्या कंपनीला तलाव आणि खालची धानाची शेतं, म्हणजे बांध्या, हव्या होत्या. कुणीतरी तो दगड चुलीत घालून पाहिला, पण पेटला नाही. वीरेंद्र म्हणाला, हा वरचा कच्चा माल, पक्का खाली आहे.

तलाव समितीचे अध्यक्ष उमराव पटले यांना हा सौदा व्हायला हवा होता; त्यांनी पुतणीला बोलावून घेतलं. नीतू भूगर्भशास्त्र शिकून वणीकडच्या कोळसा खाणीत नोकरीला होती. तिने हो म्हटलं की गाव ऐकेल, असं त्यांना वाटलं. तिने दगड पाहिला, तलावाच्या पाळीखालचा, म्हणजे बांधाखालचा, खडक पाहिला आणि कोळसा नाही म्हणून सांगितलं. मग गावच्या सभेत निदान गप्प बस, असं काका म्हणाले.

सभेत ती उठली. वणीकडचं खोरं खचत गेलं, दलदलीतली जंगलं गाळाखाली थरावर थर दबत गेली आणि त्यांचा कोळसा झाला, हे तिने समजावलं. मग काळा दगड वर धरला.

"हा त्याच्याहून लई जुना. हा बनला तवा जमिनीवर एक झाडसुद्धा नव्हतं. कोळसा येईन कुठून?"

वीरेंद्र म्हणाला, मोठ्या साहेबांचा अहवाल आहे. आधी संमती द्या, मग बोअर मारू.

"नाही," नीतू म्हणाली. "आधी बोअर. गावासमोर."

काकांनी तिला बसायला सांगितलं. ती बसली नाही. मागून खुशाल नावाच्या शेतकऱ्याने विचारलं, "आन् खरंच असता तं?"

नीतू खुशालकडे वळली. तिची स्वतःची भाकर कोळशावरच होती.

"असता तरी माह्या घरची बांधी मी देली नसती. पण ते भांडण वेगळं झालं असतं. इथं नुसती लबाडी होऊन राहिली."

तिची आई शांतीबाई उठली आणि बोअरची गाडी केव्हा आणता, एवढंच तिने वीरेंद्रला विचारलं. तो मोबाइल चाळत बसला. सभेने संमती दिली नाही. गाडी कधी आलीच नाही.

निघायच्या दिवशी काका फाटकात आडवे उभे राहिले. चार लोकांत मला मान खाली घालायला लावलीस, म्हणाले. नीतूला वाईट वाटलं, पण तिने नजर वळवली नाही.

"पुन्हा सभा घ्या, काका. पुन्हा हेच सांगीन."

काका बाजूला झाले. ती बसस्टँडकडे निघाली.