उलट्या बाजूचं ठिगळ

धाकटीने पन्नाशी ओलांडली, तरी सगळ्यांसाठी ती धाकटीच. शिवणकाम तिला ताईने शिकवलं, आणि ताईची तपासायची रीत जगावेगळी. कपडा हातात आला की आधी उलटा करायचा. "वरून काय, कुणीही छान करेल," म्हणायची, आणि एखादा टाका हुकलेला दिसला की एकच शब्द, "उसव." चाळीस वर्षांत धाकटीने किती उसवलं, देव जाणे! ताईच्या तोंडून एक चांगला शब्द ऐकायला मात्र तिचे कान तरसले होते.

कॉलेजच्या कलादालनाने आसपासच्या कलाकारांकडून मिक्स्ड मीडियाची कामं मागवली. धाकटीच्या शिवणाच्या दुकानात पर्सची चेन बदलायला आलेल्या तिथल्या मॅडमनी तिच्याही हातात फॉर्म ठेवला.

"म्हणजे नक्की काय करायचं हो?"

"कापड, कागद, रंग, बटणं, काहीही एकत्र आणायचं."

"अगंबाई! मग माझं टेबल रोज तेच असतं की!"

झालं, धाकटी हात धुऊन त्या कामाच्या मागे लागली. गिऱ्हाइकांच्या मापांचे जुने तपकिरी कागद तिने जाड कापडावर शिवले. कुणाची बाही, कुणाचा गळा, कुणाचा खिसा जोडत दुकानासमोरची अख्खी गल्ली उभी केली. खिडक्यांना बटणं लावली, वर निळं आभाळ रंगवलं.

द्यायच्या आदल्या दिवशी त्या आभाळानेच दगा दिला. रंग पाझरून मागे हा एवढा डाग! ठिगळासाठी चिंध्यांचा डबा उपसला, तर तळाशी हाती लागला तिने नवव्या वर्षी शिवलेला पहिला रुमाल. ताईने "उसव" म्हटल्यावर रडून रडून तिने तो लपवून ठेवला होता. शिवण अशी वाकडी की विचारू नका.

"मागून कोण बघतंय?" ती म्हणाली आणि तिने जीभच चावली. या घरात असं बोलायचं म्हणजे कहरच. पण लावला तोच.

काम निवडलं गेलं. रविवारी सकाळी प्रदर्शन उघडलं, तेव्हा दांडीला टांगलेल्या आपल्या गल्लीसमोर धाकटी नवी साडी नेसून उभी होती. गुडघ्यांमुळे ताई येणार नव्हती. ती यावी असंही वाटत होतं, येऊ नये असंही.

तेवढ्यात जिन्यात काठी वाजली.

ताई आली, समोरून धड बघितलंही नाही. सरळ कापडाची कड धरली आणि उलटली.

"आजी, हात नका लावू!" मॅडम धावल्या.

"मी हिची ताई आहे," ताई म्हणाली. एवढं कारण तिला पुरेसं होतं.

तिची बोटं मागच्या टाक्यांवरून फिरत गेली. एकही धागा सुटलेला नव्हता. मग बोटं ठिगळावर आली आणि थबकली. तिने चष्मा वर केला, शिवण डोळ्यांजवळ नेली.

"हा तो रुमाल ना गं?"

धाकटीने मान डोलावली. "उसवते, ताई. घरी नेल्यावर लगेच."

ताईने कापड हलकेच खाली सोडलं, तळहाताने सारखं केलं आणि पहिल्यांदाच दोन पावलं मागे सरून समोरून बघितलं. बराच वेळ बघितलं.

"राहू दे," ती म्हणाली. "चांगलं झालंय."